गोवर्धनलीळा मुलांना सांगताना

॥ सर्वज्ञ श्रीचक्रधराय नमः ॥



मंदिरात सायंकाळी वंदन आटोपून निरूपणास आरंभ झाला की मोठी माणसे भिंतीला टेकून बसतात आणि मुले पुढे सरकून बसतात. त्या मुलांना ब्रह्मविद्येतील सूत्रांचा अर्थ लगेच उमगत नाही. परंतु लीळा मात्र त्यांच्या मनात घर करते. म्हणून आपल्या घरांतून व आश्रमांतून बालकांच्या संस्काराचा आरंभ लीळाकथनानेच होतो. त्यातही भगवान श्रीकृष्णचक्रवर्तींची गोवर्धनलीळा मुलांना विशेष प्रिय आहे. तीत पाऊस आहे, गाईवासरे आहेत, डोंगर आहे आणि तो डोंगर उचलणारा त्यांच्याच वयाचा बालक आहे. धैर्य म्हणजे काय व आपल्या माणसांचे रक्षण म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून सुगम लीळा शोधूनही सापडणार नाही. तथापि ही लीळा सांगताना निरूपण करणाराच पुष्कळदा वाट चुकतो. त्या वाटेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम लीळेचे अनुसंधान पाहू. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात चोविसाव्या व पंचविसाव्या अध्यायांत ही कथा आली आहे. व्रजात इंद्रयागाची सिद्धता चालली होती. श्रीकृष्ण भगवंतांनी नंदादी वडीलधाऱ्यांना नम्रपणे विचारले, हा याग कोणाचा व कशासाठी? पाऊस इंद्र देतो, म्हणून हा वाडवडिलांपासून चालत आलेला याग आहे, असे नंदाने सांगितले. त्यावर भगवंतांनी गोपांना समजाविले की आपण रानात राहणारी माणसे. आपली उपजीविका गाई, रान आणि हा गोवर्धन यांवर चालते. गोपांनी ते मानले व इंद्रयाग मोडला. इंद्र कोपला. त्याने प्रलयकाळीचे मेघ सोडले. वारा, गारा आणि मुसळधार पाऊस यांनी व्रजभूमी जलमय झाली. गोप, गोपी व गुरे थंडीने कुडकुडत, आपापली पिल्ले स्वतःच्या अंगाखाली झाकून भगवंतांना शरण आली. तेव्हा सात वर्षांच्या त्या बालमूर्तीने एका हाताने गोवर्धन उचलला व सर्वांना सांगितले, गुराढोरांसह आत या. डोंगर हातून निसटेल असे भय धरू नका. सात दिवस तो पर्वत तसाच धरला गेला. पाऊस ओसरला, सर्वजण सुखरूप बाहेर आले आणि पर्वत पुन्हा जागच्या जागी ठेवला गेला. इंद्राचा गर्व उतरला.

ही लीळा सांगून झाली की बहुतेक निरूपणकार समारोप करतात तो असा: “बाळांनो, तुम्हीही कृष्णासारखे शूर व्हा.” हेतू चांगला आहे, परंतु आपल्या सिद्धान्ताशी हे वाक्य जुळत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न आहेत, हा आपल्या ब्रह्मविद्येचा पाया आहे. जीव कितीही थोर झाला तरी तो परमेश्वर होत नाही. मग बालकाला “तू कृष्ण हो” असे सांगणे हा नुसता शब्दांचा ढिसाळपणा राहत नाही; पहिल्याच पाठात चुकीचा सिद्धान्त त्याच्या मनात रुजतो. शिवाय त्यात प्रत्यक्ष धोकाही आहे. कालियामर्दनाची लीळा ऐकून एखाद्या धीट मुलाने पैनगंगेच्या डोहात उडी घ्यावी, असे कोणत्या निरूपणकाराला वाटेल? परमेश्वराने केले ते करावयाचे नसून परमेश्वराने सांगितले ते करावयाचे आहे. लीळेचे अनुकरण नव्हे, तर आज्ञेचे अनुसरण हा जीवाचा धर्म होय.

याउलट दुसरी चूक अशी की, लीळा केवळ चमत्कार म्हणून सांगितली जाते. देवाने डोंगर उचलला, सर्वजण वाचले, प्रसाद घ्या आणि घरी जा. मुलाला मौज वाटते. पण त्या कथेत त्याला उभे राहायला जागाच उरत नाही. ज्या कथेत ऐकणाऱ्याला जागा नाही, ती कथा त्याच्या आचारात उतरत नाही.

मग बालकाने या लीळेत कोठे उभे राहावे? उत्तर सोपे आहे. जेथे जीव उभे आहेत तेथे. व्रजातील जीवांच्या ठायी तीन प्रकारचे धैर्य दिसते आणि ते तिन्ही आपल्याला शिकता येण्याजोगे आहे.

पहिले धैर्य नंदाचे. लहान मुलाने सगळ्या गावाच्या परंपरेविषयी प्रश्न विचारला, तेव्हा नंदाने त्याला दटावले नाही. उत्तर दिले, प्रतिप्रश्न ऐकून घेतला आणि पटल्यावर जुनी चाल सोडली. इंद्र हा देवताचक्रातील; त्याचे सामर्थ्य मर्यादित आणि त्याचे फळही मर्यादित. पण त्याच्या कोपाचे भय मात्र अमर्याद करून ठेवलेले होते. आजही नवस फेडला नाही तर घरावर काही येईल, बोकड दिला नाही तर देवी कोपेल, या भयाखाली किती घरे दबलेली आहेत! ते भय सोडणे हे धैर्यच होय. एखादे मूल घरात विचारते, “आपण हे का करतो?” तेव्हा त्या घरातील वडिलांनी नंद व्हावे, एवढे तरी ही लीळा ऐकणाऱ्या प्रत्येक घराने मनावर घ्यावे.

दुसरे धैर्य त्या मातांचे. डोंगर अजून उचललेला नव्हता. पाऊस कोसळत होता आणि पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वेळी त्यांनी आपल्या अंगाची छत्री केली आणि लेकरे झाकली. स्वतःच्या अंगावर गारा घेतल्या आणि थरथरत चालत राहिल्या. भागवतकारांनी त्यांचे थरथरणे लपविलेले नाही. मुलांना हे अवश्य सांगावे की भ्यालेला माणूसही धैर्यवान असू शकतो. भीत भीत का होईना, तो आपल्याहून लहानाला झाकतो.

तिसरे धैर्य डोंगराखाली जाण्याचे. मस्तकावर अवघा पर्वत लोंबत असताना त्याखाली पाऊल टाकणे ही लहान गोष्ट नव्हे. ते पाऊल विश्वासावाचून पडत नाही. आणि गोप एकटे आत गेले नाहीत. गाई, वासरे, म्हातारी माणसे यांना घेऊन गेले. मागे कोणी राहिले नाही.

येथे काठ्यांचा प्रश्न येतो. गोपाळांनी डोंगराला आपापल्या काठ्या टेकविल्या, असे आपल्याकडे कथेत सांगतात आणि मुलांना ते फार आवडते. मूळ भागवतात ही गोष्ट नाही. म्हणून कोणी ती वगळतात, तर कोणी “सर्वांनी मिळून डोंगर पेलला” असे तिचे तात्पर्य काढतात. दुसरे तात्पर्य सर्वथा त्याज्य होय, कारण त्यात परमेश्वराचे कर्तृत्व जीवांत वाटले जाते. परंतु मुलांच्या हातची काठी हिसकावून घेण्याचेही कारण नाही. त्यांना एवढेच सांगावे की काठीने डोंगर पेलला नाही, काठीने पोराचे मन पेलले. परमेश्वर रक्षण करीत असताना जीवाने हात बांधून बसू नये, सेवेला उभे राहावे. त्या सेवेने परमेश्वराचे ओझे हलके होत नाही, जीवाचे होते.

आता सर्वांत कठीण स्थळ. यवतमाळ जिल्ह्यात ही लीळा सांगणाऱ्याला एखादे मूल केव्हा तरी विचारणारच: “देवाने व्रजाला वाचविले, मग आमच्या गावाला का नाही वाचविले?” हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. या जिल्ह्यातील मुलांनी पाऊस पाहिलेला आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात येथे अतिवृष्टी होऊन महागाव तालुक्यातील आनंदनगर पाण्याने वेढले गेले आणि अडकलेल्या लोकांना काढण्यासाठी बचावपथके धावली. त्यांनी पावसाने दिलेला दगाही पाहिलेला आहे आणि कापसाच्या शेतीवरील कर्जाचा डोंगरही. त्याच महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ दत्तपूर येथे आपली जीवनयात्रा संपविली. त्यांच्या स्मरणार्थ आज कित्येक लोक १९ मार्चला अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्याने असे दुःख किती घरांत पाहिले, हे वाचकांस सांगावयास नको. निरूपणाला बसलेल्या मुलांत अशा घरचे एखादे मूल असू शकते. त्याच्यासमोर धैर्याचे गुणगान करताना “जो खचतो तो भित्रा” असा एक शब्दही निघता कामा नये. त्याचा बाप भित्रा नव्हता. त्याच्या माथ्यावर डोंगर होता आणि त्या डोंगराखाली तो एकटा होता.

मग त्या प्रश्नाला उत्तर काय? आपल्या शास्त्रात सन्निधान आणि असन्निधान असा भेद आहे. व्रजातील जीव सन्निधानात होते. परमेश्वर त्यांच्यात प्रत्यक्ष वावरत होता. आपण असन्निधानातील जीव आहोत. पण असन्निधान म्हणजे अनाथपण नव्हे. या काळात जीवाच्या वाट्याला स्मरण आहे, आचार आहे आणि परमेश्वराने घालून दिलेला मार्ग आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे प्रयाण केल्यावर भक्तजन असेच दुःखाने व्याकूळ झाले. आचार्य श्रीनागदेवांनी त्या विखुरण्याच्या बेतात असलेल्या मंडळीला ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत एकत्र ठेवले. म्हाइंभटांनी ज्याला जी लीळा ठाऊक होती त्याच्याकडून ती मिळविली, पारखून घेतली आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली. या थोरांनी पर्वत उचलला नाही. त्यांनी आपल्या माणसांना पांगू दिले नाही आणि आपल्या स्वामींचे शब्द हरवू दिले नाहीत. असन्निधानातले लोकरक्षण ते हेच.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला असे सांगावे: “बाळ, डोंगर उचलणे देवाचे काम. डोंगराखाली कोणी एकटे राहू नये, हे पाहणे आपले काम. तुझा सोबती दोन दिवस शाळेत आला नाही तर त्याच्या घरी जा. शेजारच्या घरातली चूल पेटली नाही, माणूस कोणाशी बोलेनासा झाला, तर येऊन मोठ्यांना सांग. नदीला पूर आला तर स्वतः पाण्यात उतरू नकोस. ओरड, माणसे गोळा कर.” हे धैर्य आठ वर्षांच्या मुलाला पेलणारे आहे. आणि मुलाने येऊन सांगितल्यावर उठून जाणे हे आपले काम आहे. आपण उठलो नाही, तर ती लीळा आपणच मुलाच्या मनातून पुसून टाकली असे होईल.

एक शंका उरते. “आपली माणसे” म्हणजे नेमकी कोण? नातलग, जातभाई, गाववाले, पंथीय? मूल ज्या घरात वाढते त्या घराचे कुंपण तेच त्याच्या मनाचे कुंपण होते. म्हणून गोवर्धनलीळेच्या जोडीला लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा सांगावी. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या मांडीखाली दडला. पारधी मागोमाग आले व ससा मागू लागले. हा शरण आला आहे, असे सांगून स्वामींनी तो दिला नाही. परंतु त्यांनी पारध्यांनाही झिडकारले नाही. निरपराध जीवाच्या हत्येतील दोष त्यांना समजाविला आणि त्यांनी हिंसा सोडली. त्या सशाचे स्वामींशी कोणते नाते होते? तो शरण आला, एवढेच. जो आश्रयाला आला तो आपला. या लीळेतही बालकाने जीवांच्या जागी उभे राहावे. कधी तो ससा असेल, कधी पारधी. हातातले शस्त्र खाली ठेवणाऱ्या पारध्याचे धैर्य थोडे मानू नये. सोबत्यांच्या देखत मागे फिरणे मोठमोठ्यांना जमत नाही.

शेवटी कथनाच्या रीतीविषयी थोडेसे. ग्रंथ संस्कृतात रचावा असे केशवराजांसारख्या पंडितांना वाटले, तेव्हा आचार्यांनी तसे होऊ दिले नाही. भोळ्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील याची त्यांना चिंता होती. आज त्या म्हाताऱ्यांच्या जागी आपली मुले आहेत. या जिल्ह्यात घरी वऱ्हाडी बोलणारी मुले आहेत, तांड्यावर गोरमाटी बोलणारी आहेत, कोलामी व गोंडी बोलणारी आहेत. प्रथम त्यांच्या बोलीत लीळा सांगावी, मग ग्रंथातील शब्दांची ओळख करून द्यावी. कथा मध्येच थांबवून विचारावे, “तू असतास तर वासरू घेऊन कसा गेला असतास?” उत्तर चुकले तरी हसू नये. शेवटी तात्पर्य आपण न सांगता एकेका मुलाकडून काढून घ्यावे. आणि दुसऱ्या बैठकीला त्या आठवड्यात कोणी कोणाला सोबत केली हे विचारावे. कारण लीळा मुखोद्गत झाली की नाही हे पाहणे सोपे आहे, ती आचारात आली की नाही हे पाहण्यास आठवडा लागतो.

सारांश, ही लीळा ऐकून आपली मुले पर्वत उचलण्याची स्वप्ने पाहोत वा न पाहोत. पाऊस कोसळू लागला असता आपल्याहून लहानाला झाकण्याची, परमेश्वराला शरण जाण्याची आणि जाताना कोणाला मागे न ठेवण्याची बुद्धी त्यांना व्हावी. ती बुद्धी सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभू आपणा सर्वांस देवोत, हीच त्यांच्या श्रीचरणी प्रार्थना.

दंडवत प्रणाम.