सेवा कोणासाठी? धर्मभगिनींची रुग्णालये आणि एक जुना धर्मप्रश्न

कॅथलिक धर्मभगिनींनी भारतात उभारलेल्या रुग्णालयांचा इतिहास बहुधा त्याग आणि करुणा या दोन शब्दांत उरकला जातो. परंतु त्याच्या मुळाशी एक अवघड धर्मप्रश्न आहे. ज्या स्त्रीने ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन आयुष्य ईश्वराला वाहिले, तिने परक्या देहाची चिकित्सा करावी काय, आणि विशेषतः बाळंतपण करावे काय, हा तो प्रश्न. रोमने काही अपवाद वगळता १९३६ पर्यंत त्याचे उत्तर नकारार्थीच दिले, आणि ते उत्तर बदलण्यास भाग पाडणारी परिस्थिती बऱ्याच अंशी भारतातली होती.

येथे शुश्रूषा आणि चिकित्सा यांतला भेद ध्यानात घ्यावा लागतो. आजाऱ्याच्या उशाशी बसणे हे भगिनींचे काम युरोपात शतकानुशतके मान्य होते. आक्षेप होता तो वैद्याच्या अधिकाराने शरीराला हात घालण्यास. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने वरच्या दर्जाच्या दीक्षित धर्मसेवकांना डागणे आणि कापणे या क्रिया अंतर्भूत असलेली शल्यचिकित्सा वर्ज्य केली होती. १९१७ च्या कॅनन लॉने, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या संहितेने, रोमच्या खास परवानगीवाचून वैद्यकी करण्याची मनाई धर्मगुरूंप्रमाणेच व्रतस्थांनाही लागू केली. सूतिकागृहातील काम तर भगिनींसाठी अनुचितच समजले जाई. या साऱ्या नियमांत काळजी होती ती काळजी घेणाऱ्याच्या आत्म्याची. रोग्याचे काय होणार, हा विचार त्यांत जवळजवळ नव्हता.

भारतात मात्र रोगी स्त्रियांचा प्रश्न डावलता येण्यासारखा नव्हता, कारण पडद्यातल्या असंख्य स्त्रिया पुरुष वैद्याला नाडीही दाखवीत नसत. याच कारणासाठी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियाची वाट धरून १८८६ मध्ये पदवी मिळवली होती. त्यानंतर ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, रावळपिंडीत स्त्रिया व मुलांसाठीच्या रुग्णालयाच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि भगिनींवरील मनाई उठवावी म्हणून रोमकडे वारंवार अर्ज केले. १९१३ मध्ये त्या निवर्तल्या तेव्हा मनाई कायम होती. मेरी ग्लोरी या ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० मध्ये गुंटूरला आल्या, तेथे भगिनी झाल्या आणि पोपच्या विशेष परवानगीने वैद्यकी करू लागल्या; पुढे १९४३ मध्ये कॅथलिक रुग्णालयांची देशव्यापी संघटना त्यांनीच स्थापली. मॅक्लारेन यांच्या कार्यातून प्रेरणा घेतलेल्या ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी रावळपिंडीतील अनुभवानंतर १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मेडिकल मिशन सिस्टर्सचा संघ काढला. कायद्याची अडचण अशी की पूर्ण व्रते घेतली तर वैद्यकी सुटे आणि वैद्यकी धरली तर पूर्ण व्रते मिळत नसत. म्हणून सुरुवातीची अकरा वर्षे या डॉक्टर आणि परिचारिका अर्धवट दर्जाच्या व्रतस्थ म्हणूनच राहिल्या. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने एका आदेशपत्राने भगिनींना वैद्यकीय पदव्या घेण्याची व माता-बालकांची सेवा करण्याची मोकळीक दिली, एवढेच नव्हे, तर त्यांनी ती करावी असा आग्रहही धरला.

मराठी वाचकाला या वादात ओळखीचे काही सापडेल. मॅक्लारेन रोमकडे अर्ज करीत होत्या त्याच सुमारास मंडालेच्या तुरुंगात टिळक 'गीतारहस्य' लिहीत होते, आणि ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, कर्म केलेच पाहिजे असे संन्यासमार्गीयांविरुद्ध मांडत होते. दोन्ही वादांचा परस्परांशी संबंध नाही; मात्र जग सोडणे हेच श्रेष्ठ, या जुन्या गृहीतकाला दोन्हींकडे एकाच काळात धक्का बसला.

सिडकोच्या आराखड्यातून १९७० नंतर घडलेल्या नवी मुंबईत रुग्णालय म्हटले की भूखंड, गुंतवणूक आणि विमा यांचा हिशेब डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे व्रतस्थ स्त्रियांनी चालवलेले रुग्णालय ही कल्पना तेथे जुनाट वाटणे शक्य आहे. खाडीपलीकडे मुंबईत मात्र ती अजून नांदते आहे. अंधेरीच्या महाकाली गुंफा मार्गावरील होली स्पिरिट रुग्णालय ज्या संघाच्या भगिनी चालवतात, तो १८८९ मध्ये नेदरलँड्समधील स्टाइल गावी स्थापन झाला. भायखळ्याचे आशादान हे निराधारांचे घर मदर तेरेसांच्या संघाचे. आणि खुद्द मदर तेरेसांनी १९४८ मध्ये शुश्रूषेचे प्राथमिक धडे गिरवले ते पाटण्याला, डेंगेल यांच्या भगिनींच्या रुग्णालयात. अशा संस्थांचे अर्थकारण व्रतावर उभे होते, कारण भगिनीला स्वतःचा म्हणून पगार नसे. गरिबाला परवडणारे उपचार हे बऱ्याच अंशी या बिनपगारी श्रमांचे फळ होते, हे गौरवग्रंथांत क्वचितच लिहिले जाते.

स्वातंत्र्यानंतर शंकेची दिशा उलटली: आता धोका रोग्याच्या श्रद्धेला आहे, असे म्हटले जाऊ लागले. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतराचे साधन म्हणून वापर कायद्याने बंद करण्याची शिफारस केली. तेव्हाच्या मध्य प्रदेशात विदर्भही होता, त्यामुळे हा अहवाल मराठी मुलखाचाही आहे. ख्रिस्ती संस्थांना तो अन्यायकारक वाटला. तरीही नऊच वर्षांनी, डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत दडपणाचा किंवा अनुचित आर्जवाचा आभासही होईल असा प्रचार टाळावा असे स्वतःच बजावले. सेवा हे कशाचेतरी साधन आहे, असे मानले की सेवक आणि रोगी या दोघांपैकी एकाचा तरी देह दुय्यम ठरतो. रुग्णालयाला ते मान्य करता येत नाही.

हाच निकष आजच्या एका प्रश्नालाही लावला पाहिजे. कॅथलिक नीतिशास्त्र गर्भपात आणि नसबंदी या दोन्हींना मान्यता देत नाही, तर भारतात १९७१ च्या कायद्याने ठरावीक परिस्थितीत गर्भपात वैध आहे. भगिनींच्या सदसद्विवेकाचा मान राखलाच पाहिजे. परंतु कोणते उपचार येथे होत नाहीत आणि ते कोठे होतात, हे अशा प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाच्या नावनोंदणीच्या वेळीच, त्याला समजेल अशा मराठीत, लेखी सांगावे.