एका सेकंदाचा धनी कोण?

गेल्या लग्नसराईत पारोळ्यास एका आप्तांच्या घरी जेवणे आटोपल्यावर ओसरीवर जो वाद जुंपला, तो मानपानाचा नव्हता आणि राजकारणाचाही नव्हता. आमचा एक भाचा जळगावास राहतो, दुसरा धुळ्यास. पहिल्याजवळ 2024 साली आलेली नवी स्विफ्ट आहे, दुसऱ्याजवळ 1.2 लिटर इंजिनाची आय-ट्वेंटी. या दोहोंत ‘पिकअप’ कोणत्या गाडीचा अधिक, म्हणजे जागची उठून ताशी शंभर किलोमीटरांचा वेग आधी कोणती गाठते, हा वादाचा विषय. फागण्याकडील मोकळ्या रस्त्यावर पहाटे एकदाचा निकाल लावून टाकावा, असेही कोणी सुचविले. मोटार वाहन कायद्याचे, म्हणजे 1988 च्या कायद्याचे, 189 वे कलम सार्वजनिक ठिकाणी सरकारच्या लेखी संमतीवाचून अशी चाचणी घेण्यास मनाई करते, हे आम्ही सांगितले; तेव्हा उभय पक्षांचे प्रथमच एकमत झाले व आम्ही नीरस ठरलो.

वस्तुतः वादास आधार फारच थोडा आहे. दोन्ही इंजिने 1197 घनसेंटिमीटरांची. स्विफ्टला सिलिंडर तीन व शक्ती सुमारे 82 अश्वशक्ती; आय-ट्वेंटीला सिलिंडर चार व शक्ती सुमारे 83. त्वरण केवळ शक्तीवर अवलंबून नसते. ती शक्ती किती वजन ओढते यावरही ते ठरते. स्विफ्ट लांबीने 3860 मिलिमीटर, दुसरी 3995. पहिली वजनानेही हलकी. म्हणून कागदावर तिला झुकते माप मिळावे. परंतु मागील आसनावर एखादे स्थूल मामा बसले, किंवा गिअर बदलताना हात क्षणभर अडखळला, की हा निकाल फिरलाच म्हणून समजावे. ज्या श्रेष्ठत्वास एका मामांचे वजन पेलत नाही, त्यासाठी दोन सुबुद्ध तरुणांनी घसा कोरडा करावा, याचे आम्हांस प्रथम हसू आले.

मात्र धुळेकर भाच्याने जो मुद्दा पुढे मांडला, त्यावर हसून भागण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, “मामा, आमच्यासाठी ही शर्यत नाहीच. पुढचा ट्रक ओलांडताना जी गाडी लवकर बाहेर पडते, ती चुकीच्या बाजूवर कमी वेळ असते. मग जास्त पिकअप म्हणजे जास्त सुरक्षितता नाही का?” हा युक्तिवाद चांगला आहे. दोन गाड्या ताशी 80 किलोमीटरांनी समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यामधील रस्ता दर सेकंदास सुमारे 44 मीटर आखडतो. ट्रक ओलांडण्यास एकीला सात सेकंद लागले व दुसरीला सहा, तर तो एक सेकंद म्हणजे 44 मीटरांची मोकळीक होय. आणि तेवढ्यात एखाद्याचा जीव वाचू शकतो. जो वेगास सरसकट दुर्गुण मानतो, त्याने या हिशेबास उत्तर दिले पाहिजे.

आमचे उत्तर असे की, तो सेकंद यंत्राने मिळवला हे खरे, पण तो शिल्लक राहतो काय? सहा सेकंदांत पुढे जाता येते हे ज्यास ठाऊक झाले, तो सात सेकंदांची फट मिळेपर्यंत थांबत नाही. सहा सेकंदांचीच फट पाहून गाडी बाहेर काढतो. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1975 साली मांडले की, सुरक्षिततेची साधने वाढली म्हणजे चालक ती सुरक्षितता अधिक धाडसात खर्च करून टाकतात. त्याच्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला, व साधने निरुपयोगी आहेत असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे होईल, पट्टा बांधावाच. पण पिकअपच्या बाबतीत हा स्वभाव कोणासही आपल्याच उजव्या पायात तपासून पाहता येईल. शिवाय ताशी 60 वरून 80 वर जाताना वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण आघाताची ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. तो वाढीव भार समोरून मोटारसायकलीवर येणाऱ्याच्या हाडांवर पडतो, आणि त्यास तर कोणी काही विचारलेलेच नसते.

बैलांच्या शर्यतीचा प्रश्न आपण बरीच वर्षे न्यायालयात लढवला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली त्या शर्यती बंद केल्या, व महाराष्ट्रादी राज्यांनी कायद्यात दुरुस्ती केल्यावर 2023 साली ती दुरुस्ती ग्राह्य धरली. निकाल कोणास पटो वा न पटो, मालकाच्या हौसेचे मोल बैलाने किती द्यावे, हा प्रश्न तरी तेथे उघडपणे विचारला गेला. रस्त्यावरील त्या तिऱ्हाइताच्या वतीने हा प्रश्न ओसरीवरच्या वादात कोणीही विचारला नाही. विचारण्याचे आम्हांसही उशिराच सुचले.

तरसोद ते फागणे या टप्प्याचे चौपदरीकरण अनेक वर्षे रेंगाळले. जेथे रस्ता दुभंगला आहे, तेथे समोरच्या ट्रकची भीती उरत नाही, आणि धुळेकर भाच्याच्या युक्तिवादाचा पायाच निघून जातो. पण तेथे पिकअपचा अभिमान कमी झाल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. यावरून सुरक्षितता हे त्या अभिमानाचे कारण होते की निमित्त, याचा संशय येतो.

दुसऱ्या दिवशी आम्हांस जळगावास गाडी पकडावयाची होती. जळगावकर भाच्याने अमळनेर-धरणगावचा आतला रस्ता धरला. धरणगावच्या अलीकडे कापसाने फुगलेली ट्रॉली ओढणारा एक ट्रॅक्टर पुढे आला. भाच्याने एकदा डोकावून पाहिले व गाडी पुन्हा मागे घेतली; दुसऱ्यांदाही तसेच. समोर वळण होते. कालचे बोलणे त्यास पटले होते, की मागे डबा मांडीवर घट्ट धरून बसलेल्या मावशींचा धाक होता, हे कळण्यास मार्ग नाही. आम्ही मात्र घड्याळाकडे पाहिले. स्टेशन अद्याप बरेच लांब होते. याने आता तरी गाडी पुढे काढावी, असे आमच्या मनात येऊन गेले. आणि ते त्यास कळू नये म्हणून आम्ही खिडकीबाहेर पाहू लागलो.