गावांची नाती

रजाप्रवास सवलतीसाठी केंद्र सरकारच्या नोकराला आपले मूळ गाव जाहीर करावे लागते. पुढे ते बदलायचे झाल्यास सबंध सेवेत एकदाच, आणि तेही वरिष्ठांच्या संमतीने. नोकरीस लागलो तेव्हा त्या रकान्यात बेळगाव तालुक्याच्या पश्चिम कडेचे आमचे खेडे मी विनाविचार लिहून टाकले. आता म्हैसुरात बिऱ्हाड थाटून काही वर्षे लोटली, मुलगीही येथेच जन्मली. आणि तो रकाना मला अधूनमधून अस्वस्थ करू लागला आहे.

गावांची परस्परांशी नाती लावून ठेवणाऱ्या संगणकीय सेवा आज आहेत. ‘जिओनेम्स’ ही त्यांपैकी एक. प्रत्येक स्थळाला तीत एक क्रमांक असतो. 2014 साली ‘मैसूर’चे ‘मैसूरु’ झाले तरी क्रमांक ढळण्याचे कारण नाही. एखाद्या स्थळाचे पूर्वज, मुले, भावंडे, शेजारी कोण, असे तिला विचारता येते. शब्द घरगुती आहेत, परंतु कुटुंब महसुली. त्या हिशेबाने बेळगाव आणि म्हैसूर हे जिल्हे सख्खी भावंडे, आणि कोल्हापूर परक्या घरचा. प्रत्यक्षात आमच्या बांधापलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड तालुका लागतो. माझी बहीण तिकडे दिली आहे. आई सकाळी तिच्याकडे गेली की दुपारच्या आत परत येते. माझ्याकडे यायचे तर तिला रात्रभराचा प्रवास! 1956 पर्यंत चंदगडही बेळगाव जिल्ह्यातच होता. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला. जमीन तसूभरही हलली नाही.

नैयायिक दोन संबंध सांगतात: हात आणि पुस्तक यांचा संयोग, जो सुटू शकतो, आणि तंतू व वस्त्र यांचा समवाय, जो सुटत नाही. कोष्टक संयोगालाच समवायाचा थाट देते. त्याला दोष तरी कसा द्यावा? सारा कोठे भरायचा याला एकच उत्तर असावे लागते. तरीही एक झाड सर्वांना पुरत नाहीच. गोवा स्वतंत्र राज्य, पण टपालखात्याच्या लेखी तो महाराष्ट्र परिमंडलात मोडतो!

कौटिल्याने निराळेच नाते लावले. त्याच्या अर्थशास्त्राची पोथी 1905 साली याच म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्र्यांच्या हाती आली. लगतचा राजा तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र. राजांपुरते हे खरे असेल; विहीर आणि सोयरीक सामायिक असणाऱ्यांना तो सिद्धांत लावणे म्हणजे अनर्थच. सीमाप्रश्नात मात्र आपण पुष्कळदा कौटिल्याच्याच डोळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहतो, आणि यात मी स्वतःला वगळत नाही.

मूळ गाव ठरवण्याचे सरकारी निकष मी मुद्दाम काढून वाचले. तेथे राहते घर आहे काय, जवळचे नातलग आहेत काय, हे त्यांत आहेच. परंतु त्याआधी विचारले आहे ते असे, की कौटुंबिक व सामाजिक कर्तव्यांसाठी तुम्हांला तेथे वेळोवेळी जातीने जावे लागते काय? रूक्ष नियमावलीत हे वाक्य कोणी घातले असेल, त्याला नमस्कार. येथे नाते नकाशाने ठरत नाही, माणसाच्या देण्याने ठरते.

मात्र या कसोटीने माझी सुटका होत नाही. गावी आई आहे, श्राद्धपक्ष आहे. येथे खालच्या मजल्यावरच्या कन्नड आजोबांना गेल्या पावसाळ्यात खांदा दिला, तेव्हा त्यांच्या मुलाने मला घरचा म्हणूनच पुढे बोलावले होते. परवा मुलीने शाळेचा कागद पुढे केला. त्यातही तोच रकाना. मी उत्तर देईपर्यंत तिने ‘म्हैसूर’ लिहिलेसुद्धा.