पेट्यांची रुंदी

सोलापुरास अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी नि टॉवेलांचे कारखाने आहेत. पाळी सुटते, मालाचे ट्रक निघतात, अन् रस्ता मुंगीच्या पावलाने चालू लागतो. अशा गर्दीत एखादा मोटारसायकलवाला, मागे दोहो बाजूंस सामानाच्या पेट्या लावून, दोन गाड्यांच्या फटीत शिरू पाहतो. हँडल पार होते, पण पेटी अडकते. कारण ती हँडलाहून रुंद आणि चालविणाऱ्याच्या नजरेआड असते. तिचा कोपरा पायी जाणाऱ्या कामगाराच्या गुडघ्यास लागतो. घाई याची, जखम त्याची!

आपलेही असेच होते. मुख नामात शिरते, पण पाठीशी बांधलेला मोठेपणा नि हेवा बाहेरच अडकतो. आणि खरचटते घरच्या माणसांना.

मग पेट्या टाकून द्याव्यात काय? छे! त्यात लेकराबाळांची भाकर आहे. याच जिल्ह्यातील अरणच्या सावतोबांनी कुठे मळा टाकला? आपली रुंदी ओळखावी, क्लच जपून सोडावा, मागचा ब्रेक हलका धरावा, आणि वाट पुरत नसेल तेथे थांबावे. थांबलेल्याच्या मुखीही नाम चालतेच. रामकृष्णहरी!