कलम 39 न वाचलेल्या वकिलास

बौद्धिक संपदा, बनावट माल आणि वकिलाचं कर्तव्य यावरचा तुझा निबंध तुझ्या वडिलांनी मला आणून दिला. कॉलेजच्या वार्षिकात छापून आलाय, बक्षीसही मिळालंय म्हणे. त्यांच्या तोंडावरचं कौतुक बघून मी गप्प बसलो. तुझ्यासमोर गप्प बसायचं मला काही कारण नाही.

भाषा सफाईदार आहे, तीच तर पंचाईत आहे. वाचणारा घसरत शेवटापर्यंत जातो आणि मध्ये काय लिहिलंय ते त्याच्या लक्षातच येत नाही. तू म्हणतोस, बनावट मालाकडे समाजाने सहानुभूतीने बघावं, कारण नामांकित कंपन्यांचा माल गरिबाला परवडत नाही. आणि दोन पानं उलटली की लिहितोस, कंपनीचं नोंदलेलं बटाट्याचं वाण परवानगीशिवाय लावणारा शेतकरी चोर आहे, त्याला दया दाखवू नये. अरे, जिथे दंडुका उचलायचा तिथे तू हात जोडलेस आणि जिथे हात जोडायचे तिथे दंडुका उचललास. एकाच डोक्यातून हे दोन्ही निघालं कसं?

बनावट म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे पुण्याच्या रस्त्यावरचे बूट आणि घड्याळं येतात. तो बूट घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे पक्कं ठाऊक असतं. कंपनीचा हक्क तिथे मोडतोच, पण निदान गिऱ्हाइकाची फसगत होत नाही, म्हणून तेवढ्यापुरती तुझी सहानुभूती मी सोडून देतो. पण तू जुन्नर-आंबेगावच्या मातीतला. बनावट म्हटल्यावर तुला औषधाची बाटली कशी आठवली नाही? नावाजलेल्या कंपनीची हुबेहूब बाटली, तेच लेबल, तसंच बूच, आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच माहीत. टोमॅटोवर करपा आला की माणूस धावत दुकानात जातो, पूर्ण किंमत मोजतो, फवारतो. गुण येत नाही. दुकानदार सांगतो, डोस वाढवा. तो वाढवतो. नारायणगावच्या बाजारात क्रेट न्यायची वेळ येते तेव्हा न्यायला माल उरलेला नसतो. पक्कं बिल घेतलेलं नसतं, म्हणून ग्राहक आयोगापुढे ठेवायला कागदही नसतो. या माणसाला ब्रँड परवडत नव्हता का? त्याने ब्रँडचाच भाव दिला होता! तुझी सहानुभूती नेमकी कुणाच्या खिशात गेली, याचा विचार कर.

ट्रेडमार्क कायदा 1999 चा आहे. खोटं चिन्ह लावणाऱ्याला कलम 103, तसा माल विकणाऱ्याला कलम 104. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. कीटकनाशकांसाठी 1968 चा कायदा वेगळा. तुझ्या निबंधात यातलं एकही कलम नाही. कायद्याच्या विद्यार्थ्याने कलमांऐवजी कळवळा लिहिला, की परीक्षकांना बरं वाटतं. अशिलाचं त्याने काही भलं होत नाही.

आंब्याबद्दलचं तुझं वाक्य तर मी दोनदा वाचलं. आपल्या भागातला हापूस देवगडच्या पेटीत भरून गेला तर बिघडलं काय, चव सारखीच, असं तू लिहितोस. बिघडतं ते ऐक. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. त्यात पुणे जिल्हा नाही. आपला आंबा कोकणातला हंगाम सरत आल्यावर उतरतो, ही त्याची खरी ताकद, आणि शिवनेरी हापूस या नावाने त्याला स्वतःचं मानांकन मिळावं म्हणून इथल्या बागायतदारांची खटपट चाललेली. अशा वेळी तूच आमचा आंबा दुसऱ्याच्या नावाने विकायला परवानगी देतोस? उद्या मानांकन मिळालं आणि कुणी बाहेरचा आंबा शिवनेरी म्हणून विकला, तर कोणत्या तोंडाने कोर्टात उभा राहशील?

आता बटाट्याकडे ये. इथे तुला सोडणार नाही, कारण हा विषय तुझ्या घरचा आहे. सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो, मंचरच्या बाजारात पंजाबचं बियाणं उतरतं, चिप्सच्या कंपन्यांची करारशेतीही आपल्याकडे नवी नाही. तू उदाहरण घेतलंस पेप्सिकोच्या गुजरातेतल्या खटल्यांचं. घेतलंस ते बरं केलंस. पण अर्धंमुर्धं घेतलंस, आणि घेतलंस तेही चुकीचं. पेप्सीचं पेटंट असं लिहितोस. आपल्याकडे वनस्पतीच्या वाणाला पेटंट मिळतच नाही. पेटंट कायद्याच्या कलम 3 नेच ते वगळलंय. त्या खटल्यांतलं बटाट्याचं वाण एफएल 2027, बाजारातलं नाव एफसी-5, 2016 मध्ये नोंदलं गेलं ते वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001 याखाली. कायद्याच्या नावातला उत्तरार्ध तू वाचलास का? दुसऱ्या कुठल्या देशाची नक्कल न करता आपण तो त्यात मुद्दाम घातलाय.

त्याचं कलम 39 काढ. शेतकऱ्याला संरक्षित वाणाचं बीसुद्धा राखून ठेवता येतं, पेरता येतं, पुन्हा पेरता येतं, शेजाऱ्याशी अदलाबदल करता येतं, वाटता येतं आणि विकताही येतं. बंदी एकाच गोष्टीला: त्या वाणाचं म्हणून लेबल लावून, पिशवीबंद बी विकायचं नाही. शिवाय कलम 42 सांगतं, की असा काही हक्क अस्तित्वात आहे हेच ज्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं, त्याने हक्कभंग केला असं मानायचं नाही. कलम 39 मध्येच आणखी एक तरतूद आहे: वाणाने सांगितल्यासारखं पीक दिलं नाही, तर शेतकरी भरपाई मागू शकतो. तू ज्याला चोर ठरवलंस, त्याला संसदेने हक्कदार ठरवलंय.

एप्रिल 2019 मध्ये कंपनीने गुजरातच्या शेतकऱ्यांना कोर्टात खेचलं, त्यातल्या चौघांकडे प्रत्येकी एक कोटीहून जास्त नुकसानभरपाई मागितली. तीन-चार एकरवाल्या माणसाकडे! मग तडजोडीचा प्रस्ताव आला: आमच्याकडून बी घ्या, आम्हालाच माल घाला, नाहीतर हे वाण लावणं सोडा. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. कंपनीने गिऱ्हाईक म्हणून माणसं पाठवून शेतातले नमुने आणि चित्रीकरण गुपचूप मिळवलं, असा आरोप शेतकरी संघटनांनी केला. तू त्याला 'पुरावा जमवण्यातलं चातुर्य' म्हणतोस. हा शब्द लिहिताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही?

पुढची हकीकतही तू मध्येच सोडलीस. शेतकरी हक्कांच्या कार्यकर्त्या कविता कुरुगंटी यांच्या अर्जावर 3 डिसेंबर 2021 ला वाण संरक्षण कायद्याखालच्या प्राधिकरणाने ती नोंदणी रद्द केली. कंपनीच्या नोंदणी-अर्जात वाण 'नवीन' म्हणून मांडलं होतं आणि पहिल्या विक्रीची तारीख डिसेंबर 2009 लिहिली होती. प्रत्यक्षात ते वाण 2002 मध्येच चिलीच्या बाजारात आलेलं होतं. तू इथे थांबून विजयाचा शंख फुंकलास. वर चोर म्हटलेल्या शेतकऱ्याचा विजय तू कसा साजरा केलास ते तुझं तुला माहीत. पण जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कंपनीचं अपील फेटाळलं गेलं आणि जानेवारी 2024 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो निकाल फिरवून कंपनीच्या बाजूने कौल दिला. मला तो आवडला की नाही, हा मुद्दाच नाही. आवडता निकाल आला की वाचणं बंद करणारा वकील अशिलाला खड्ड्यात घालतो. आणि नोंदणी कंपनीकडे असली तरी कलम 39 जागच्या जागी आहे. उद्या पठारावरच्या कुणाला अशीच नोटीस आली आणि तो तुझ्याकडे आला, तर पेटंट रद्द झालंय, घाबरू नका, असं सांगून तू त्याला घरी पाठवशील. उत्तराची मुदत टळेल.

शेवटचा भाग तू नीतीवर लिहिलास. वकील हा पक्षकाराचा आवाज, बाकी जबाबदारी न्यायाधीशाची. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम उघड, सहावा भाग, दुसरं प्रकरण. पक्षकार लबाडीच्या वाटेने जाऊ लागला तर त्याला आवरायचं, ऐकत नसेल तर वकीलपत्र सोडायचं. वकिलाने स्वतःला पक्षकाराचं मुखपत्र समजू नये, स्वतःची बुद्धी वापरावी, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. तुझ्या वाक्याच्या बरोब्बर उलट. तुझं वाक्य टाळ्यांचं आहे, एवढंच.

निबंध पुन्हा लिही. वार्षिकासाठी नको, माझ्यासाठी. आणि सोबत या प्रश्नाचं उत्तर आण. पेठचा एक शेतकरी घरचा निवडलेला बटाटा मंचरला मोकळ्या गोणीतून बियाण्यासाठी विकतो. त्याचा धाकटा भाऊ तोच बटाटा कट्ट्यात शिवतो, वर नोंदलेल्या वाणाचं नाव छापतो आणि विकतो. दोघांनाही नोटीस आली आहे, दोघंही एकाच वकिलाकडे, तुझ्याकडे, आले आहेत. धाकटा म्हणतो, त्या कट्ट्यावरचं नाव थोरल्याने छापलं असं लिहून द्या. कुणाचं वकीलपत्र घेशील, आणि कुणाला काय सांगून परत पाठवशील? कलमांसकट लिही.