बाणाला पीस कुणाचं?

विहारात पंचशील म्हणताना पहिलंच शील येतं ते प्राणी न मारण्याचं. आपण ते खड्या आवाजात म्हणतो आणि घरी जाऊन बोंबलाचं कालवण खातो. यात कुणाला काही खटकत नाही, खटकायचं कारणही नाही. पण तोच आपला पोरगा नालासोपारा-विरारहून तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या एखाद्या पाड्यावर जातो, कातकऱ्याच्या कुडाला टांगलेला तीरकमठा बघतो, आणि त्याच्या तोंडून पटकन निघतं, ‘काका, आधी हे सोडा, मग धम्माचं बोलू.’

हे वाक्य कुठून आलं? बुद्धाकडून आलं, की ज्या सोसायट्या मटण खाणाऱ्याला ब्लॉक देत नाहीत त्यांच्याकडून आपल्या तोंडात येऊन बसलं? दोस्तांनो, हा प्रश्न कातकऱ्याचा नाही. आपलाच आहे.

बाबासाहेबांनी याचा निकाल ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये लावून ठेवलाय. हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली निघाला. आपल्या घराघरांत तो आहे, पण अहिंसेवरची पानं फारशी उलटली जात नाहीत. बाबासाहेब तिथं दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक, मारण्याची गरज. दुसरी, मारण्याची इच्छा. बुद्धानं नाकारली ती नुसती इच्छा. अहिंसा हा त्यांच्या मते नियम नाही, तत्त्व आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, मग तो एक तर नियम मोडतो नाहीतर नियम त्याला मोडतो. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळं ठेवतं. जैनांची अहिंसा आणि बुद्धाची अहिंसा यांतला फरक हाच. भिक्खूंना मांस बंद करा, अशी मागणी देवदत्तानं केली होती आणि बुद्धानं ती मानली नाही. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नसेल, ऐकलं नसेल, तसा संशयही नसेल, तर भिक्खूनं ते मांस घ्यावं, असा दंडक होता.

ठीक. पण गरज कुठं संपते आणि इच्छा कुठं सुरू होते, हे ओळखायचं कसं? पुस्तकात ओळख मिळते, परीक्षा मात्र वस्तूवर घ्यावी लागते. म्हणून बाणच घेऊ.

बोरूची नाहीतर बांबूची काडी, पुढं लोखंडी पातं, मागं दोरीत बसायला खाच आणि खाचेच्या अलीकडं पिसं. ही पिसं शोभेची नसतात. सुटलेल्या बाणाचं शेपूट हेलकावे खातं. पिसं हवा धरतात, शेपूट मागं ओढून ठेवतात, म्हणून टोक पुढं राहतं. त्यासाठी कुठलंही पीस चालत नाही. छातीवरचं मऊ पीस कुचकामाचं. पंखातलं लांब, ताठ कण्याचं लागतं. ते मधोमध उभं चिरायचं, सारखं कापायचं, घट्ट बांधायचं. एका बाणाची सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखातली पाहिजेत, कारण डाव्या आणि उजव्या पंखातल्या पिसांचा बाक एकमेकांच्या उलट असतो. एका बाजूची असली की बाण स्वतःभोवती गिरक्या घेत सरळ जातो. मिसळ केली की एक पीस इकडं ढकलतं, दुसरं तिकडं.

मोठं पीस बाणाला लवकर सरळ करतं, पण वेग खातं. शिवाय आवाज करतं, आणि सशाचे कान तुमच्याआमच्यापेक्षा तिखट. लहान पिसानं वेग राहतो, पण रुंद पात्याचा बाण भरकटतो, कारण ते पातंच पुढं पंखासारखं हवा धरून बसतं. आता प्लॅस्टिकची पिसंही मिळतात. ती पावसात भिजत नाहीत हे खरं. पण खरं पीस कमठ्याला घासून जाताना दबतं आणि पुन्हा उभं राहतं. प्लॅस्टिक तेवढं दबत नाही, बाणाला धक्का देतं. न्यू गिनीतल्या कित्येक जमातींचे बाण बिनपिसाचेच असतात. लांब काडी आणि जड टोक, त्यामुळं जवळून मारताना भागतं. म्हणजे पीस लावायचं की नाही, लावलं तर कुठलं आणि केवढं, हे सगळं माणूस ठरवतो.

आणि हे ठरवण्यावर काय अवलंबून असतं? नुसता नेम नव्हे. वाईट पिसाचा बाण नेहमी हुकतोच असं नाही. तो मांडीत लागतो, पोटात लागतो. जनावर बाण घेऊन करवंदीच्या जाळीत शिरतं आणि तिथं तासन्‌तास, कधी दिवसभर मरत राहतं. ते कुणाच्या पोटात जात नाही. म्हणजे रात्री चुलीपाशी बसून पीस चाचपणारा माणूस उद्याच्या मरणाची लांबी ठरवत असतो.

इथं आपल्यातला कुणी म्हणेल, मग झालं की! काळजीनं मारतो तो नीतिमान. थांबा. अमेरिकेत धनुष्याची शिकार हा मोठा शौक आहे. टर्की या पाळीव पक्ष्याची पिसं रंगवून तिथं पाकिटातून विकतात. डाव्या पंखाची वेगळी, उजव्याची वेगळी. तो शौकीन पीस निवडताना जी काळजी घेतो ती कुठल्याही आदिवासीपेक्षा कमी नसेल. तरी त्यातल्या पुष्कळांच्या घरी फ्रीज भरलेला असतो. काळजीनं वेदना कमी होते, गरज सिद्ध होत नाही. द्रोणाच्या शाळेत काळजी काय कमी होती? एकलव्यावर आपल्याकडं कविता पुष्कळ झाल्या, अंगठ्यावर तर अमाप. पण महाभारताच्या आदिपर्वात पांडव त्या रानात कशाला आले होते ते बघा. शिकारीला. खायची भ्रांत पडली म्हणून नाही, राजाची पोरं म्हणून. रानात वाढणाऱ्या निषादाचा अंगठा गेला आणि मौजेला आलेल्यांचे अंगठे शाबूत राहिले.

म्हणून दोन्ही प्रश्न एकदम विचारावे लागतात. गरज आहे का? आणि गरज असेल तर काळजी आहे का? एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही.

आता पीस कुणाचं ते बघू. जुन्या महाकाव्यांत बाणाला सन्मानानं विशेषणं लावतात. कंकपत्र, म्हणजे कंक पक्ष्याच्या पिसाचा. गृध्रपत्र, म्हणजे गिधाडाच्या पिसाचा. गिधाड! जे मेलेल्या ढोरावर उतरतं ते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीला काय काय चालतं त्याची यादी आहे, त्यात स्नायू आहे. हाताला दोरी लागू नये म्हणून योद्धा कातडं बांधायचा, आणि त्या कातड्याचं नावच ‘गोधा’, म्हणजे घोरपड. क्षत्रियाचं ते दिव्य शस्त्र असं मेलेल्या जनावरांनी बांधलेलं असायचं. ढोरावर बसलेल्या गिधाडाचं पीस राजाच्या भात्यात पवित्र. त्याच ढोराला ओढणारा आमचा आजा मात्र गावकुसाबाहेर. विटाळ ढोरात असता तर पिसालाही लागला असता. विटाळ ढोरात नव्हताच, तो ओढणाऱ्याच्या कपाळावर बाहेरून लिहिलेला होता.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. आपल्या बापजाद्यांनी ते सोडलं, काही ठिकाणी मार खाऊन सोडलं. ते सोडणं अहिंसेसाठी नव्हतं, हे विसरू नका. माणूस म्हणून उभं राहण्यासाठी होतं. पुढं १९९० नंतर गिधाडंही आभाळातून गेली. ढोरांना टोचायचं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या ढोरातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण २००४ साली उजेडात आलं, २००६ साली ढोरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. कुठल्या आदिवासीच्या बाणानं नाही संपली.

आपल्या नालासोपाऱ्यातच या प्रश्नावर एक दगड सापडलाय. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. लोक त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. (बांबू चिरणारा बुरूड, आणि त्याचा कोट! लोकांच्या आठवणीत काय काय शिल्लक राहतं बघा.) त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तुकडाच आहे, पण तोच लेख गिरनारला पूर्ण आहे, त्यामुळं मजकूर कळतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, तिथं शिकार आणि तसल्याच मौजा चालायच्या. अशोकानं राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला भेट दिली आणि शिकारीच्या जागी धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, म्हाताऱ्यांना मदत द्यायची, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माचं बोलायचं.

अशोकानं सोडलं काय, हे नीट वाचा. राजाची मौज सोडली. इच्छा सोडली. दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःची सोडली. पहिल्या शिलालेखात तर तो स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशोब देतो. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, हरीणही नेहमी नाही, पुढं हे तिन्हीही मारले जाणार नाहीत. असा हिशोब दगडावर कोरून देणारा राजा पुन्हा झाला नाही. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या ‘द अनटचेबल्स’मध्ये हे लेख तपासले आणि दाखवून दिलं, की अशोकानं गाय मारण्यावर बंदी घातलेली नाही. गाईचं राजकारण नंतरचं.

पण अशोकालाही सूट द्यायची नाही. तेराव्या लेखात, कलिंगाच्या पश्चात्तापाच्याच लेखात, तो रानातल्या लोकांना सांगतो, की मी तुम्हाला समजावतोय, पण पश्चात्ताप झाला तरी माझ्यात ताकद आहे, वागणं सुधारा, नाहीतर मारले जाल. एवढा मोठा माणूस, आणि रानाच्या सीमेवर येऊन त्याचीही जीभ बदलली. आपल्या पोराचं ‘आधी हे सोडा’ त्याच जिभेचं आहे, फरक इतकाच की त्याच्या पाठीशी सैन्य नाही.

सैन्य नसलं तरी कायदा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. तो हवाच, साहेबलोकांनी आणि संस्थानिकांनी बंदुकांनी रानं रिकामी केल्यावर तरी हवाच होता. त्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. योद्ध्याच्या हातावर ती भूषण होती, कातकऱ्याच्या हंडीत सापडली तर तुरुंग. तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. २००६ चा वनहक्क कायदा आला, त्यानं आदिवासींचे परंपरेचे हक्क मान्य केले, पण त्याच कलमात लिहिलं, की शिकारीचा हक्क वगळून. मी म्हणत नाही तो द्या. रान एवढंसं उरलंय आणि पोट भरेल इतकी जनावरं त्यात नाहीत. पण भूक काही जन्मजात नसते. रान गेलं, जमीन सावकाराकडं गेली, पावसाळा सरला की सगळं घर वीटभट्टीवर. वेठबिगारीविरुद्ध श्रमजीवी संघटना १९८२ साली याच वसई तालुक्यात उभी राहिली, त्यावरून इथली गरज कशी तयार केली जाते ते समजा. ज्यानं गरज तयार केली त्याला पहिलं शील कोण विचारणार? आणि २०१५ साली महाराष्ट्रात बैलही गोहत्याबंदीत आला, २०१६ साली उन्यात मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना बांधून झोडलं. ‘मारू नका’ म्हणणारे माणसाला मारत होते.

मग तीरकमठ्याला हारच घालायचा? पोस्टरवर काढायचा? तेही नको. पाड्यांवर बाण आता कमी होत चाललाय. त्याची जागा घेतलीय गाडीच्या ब्रेकच्या तारेच्या फाशानं. फासा लावायचा आणि कामावर निघून जायचं. फाशाला पीस नसतं. समोर कोण येतंय ते तो बघत नाही. ससा, रानडुक्कर, गाभण हरीण, बिबट्या, जो येईल तो तारेत, आणि लावणारा दोन दिवस फिरकला नाही तर जनावर तसंच लटकलेलं. बाणवाल्याला वीस पावलांवर जावं लागतं, बघावं लागतं, सोडायचं की नाही ते त्या क्षणी ठरवावं लागतं, आणि लागला तर रक्ताच्या मागावर चालावं लागतं. गरज दोघांची एकच असेल. पण तत्त्वाला विचार करणारा माणूस जागेवर लागतो, आणि तारेनं तो माणूसच तिथून काढून टाकलाय. पाड्यावर कुणाशी भांडायचंच असेल तर या तारेवरून भांडा. बहुतेक म्हातारे तुमच्या बाजूनं बोलतील.

मात्र त्याच्याआधी वनहक्काचा दावा कुठल्या टेबलावर अडकलाय, रेशनकार्ड कुणाकडं गहाण पडलंय, भट्टीवाल्याची उचल किती अंगावर आहे, हे वहीत लिहून घ्या. मारण्याचा विषय कातकरीच काढील. तुम्ही मासे खाता का, असं तो विचारणारच. तेव्हा खरं सांगा, आणि गरज-इच्छेचा तो उतारा त्याच्यासमोर उघडून वाचा. तो मध्येच थांबवून उलट प्रश्न करील, करू दे.