पिंगलेची झोप

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्षातली रात्र किती मोठी असते, ते ज्याला झोप येत नाही त्यालाच विचारावं. निवृत्तीनंतर दोन वर्षं मी अशा रात्री काढल्या. मी शास्त्री-पंडित नाही; बँकेत खतावण्या लिहिण्यात जन्म गेला. जे भोगलं आणि महाराजांच्या कृपेनं जे उमगलं, तेवढंच सांगतो.

दुपारी जेवून दोन तास आडवा व्हायचो. पाचला कडक चहा. रात्री नऊला दिवा बंद. आणि मग कूस बदलत बसायचं. मुलगा टोरांटोला. पूर्वी त्याचा फोन रात्री दहाच्या सुमारास यायचा. पुढे कामं वाढली, फोन कमी झाले. तरी मोबाईल माझ्या उशाशीच. जरा डोळा लागला की वाटायचं, वाजला का? उठून पाहायचं, घड्याळ पाहायचं. बारा, एक, अडीच. सौ. म्हणायच्या, “अहो, तो फोन बाहेर ठेवा बघू.” मी ऐकत नव्हतो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल तितकी झोप दाटते, आणि झोपलो की ते उतरतं. दुपारी दोन तास झोपलो म्हणजे रात्रीसाठी जमवलेली शिल्लक दुपारीच काढून घेतली! चहातलं कॅफिन या द्रव्याचं काम अडवतं आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं अंगात असतं. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. ते सकाळच्या उजेडावर लागतं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं. उतारवयात हे घड्याळ थोडं पुढे सरकतं, झोपही हलकी होते. तो रोग नव्हे.

“मग माझा रोग कुठला?” मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही झोपेची वाट पाहता, हा.” रोज अंथरुणावर जागं राहून काळजी केली की मनाला तीच सवय लागते. मग पाठ टेकताच मन पहाऱ्यावर उभं राहतं.

घरी येताना मला पिंगला आठवली. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतानं यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यावर नाथमहाराजांनी विस्तारानं लिहिलं आहे. त्या चोविसांत विदेह नगरीतली ही वेश्या आहे. संध्याकाळी नटूनथटून ती दारात उभी राहिली. आता कुणी धनवान येईल, मग येईल. आत जायची, पुन्हा बाहेर यायची. अशी मध्यरात्र झाली, तोंड सुकलं. तेव्हा तिला स्वतःचाच उबग आला. हृदयातल्या परमेश्वराला सोडून मी कुणाची वाट पाहत बसले? तिनं आशा सोडली आणि ती सुखानं झोपी गेली.

दारात येरझारा घालणारी पिंगला म्हणजे उशाशी फोन घेतलेला मीच की हो! तिला धनाची आशा, मला मुलाच्या आवाजाची. पण येरझारा त्याच.

आणखी एक कबुली देतो. त्या काळात मी अंथरुणात जपही करायचो, आणि दर माळेला तपासायचो, आली का झोप? म्हणजे नाम देऊन झोप मागत होतो. दत्तमहाराजांसमोरही मी काउंटरच मांडला होता.

मग सगळं बदललं. दुपारची झोप वीस मिनिटांवर आणली, चहा दुपारी दोननंतर बंद. रात्र कशीही जावो, पहाटे साडेपाचला उठायचं आणि उजाडलं की देवळात. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून मंद दिव्यात महाराजांपुढे बसायचं, काही न मागता. घड्याळ भिंतीवरून उतरवलं. फोन बाहेरच्या खोलीत. आणि रविवारी सकाळी मीच मुलाला फोन करतो. तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. तो बोलतो, मनमोकळं बोलतो. वाट पाहण्याऐवजी हे मी आधीच करायला हवं होतं.

पहिले काही आठवडे कठीण गेले. हळूहळू झोप परतली. अजूनही एखादी रात्र कोरी जाते. जाऊ दे म्हणतो.

मात्र ज्यांना मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, वारंवार लघवीला उठणं, दुखणं किंवा सततची उदासी आहे, त्यांनी डॉक्टरांना जरूर दाखवावं. झोपेची गोळी चालू असेल तर आपल्या मनानं एकदम बंद करू नये.

बाकी झोप ही कमाई नव्हे, प्रसाद आहे. प्रसादाला हात पुढे करावा, हिसकावू नये.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥